देवाजवळची बाटली

वासुदेव : अगं, हिरवी. हिरव्या काचेची, वीतभर उंच, बुचावर लाल मेण. चोवीस वर्षं या कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. आता तिला काय पाय फुटले?

श्यामला : मला काय विचारता? तुमच्या कपाटाला हात लावला की घर डोक्यावर घेता. दगड हलवला, नकाशा हलवला, वहीला हळदीचा डाग लागला!

वासुदेव : म्हणूनच विचारतोय. मागच्या महिन्यात रंगकाम झालं तेव्हा कपाट कुणी सरकवलं?

श्यामला : देवाप्पा रंगाऱ्याने. त्याला विचारा. आणि एका बाटलीसाठी सकाळपासून जमिनीवर काय लोळताय? निवृत्त झालात, गुडघे काही नवीन आले नाहीत.

वासुदेव : एमिलिओचं पत्र आलंय.

श्यामला : कोण एमिलिओ? तो स्पेनचा? नऊ आंघोळींवाला?

वासुदेव : तोच. बहात्तर साली आठ महिने त्याच्याबरोबर फुएनकाल्दा गावात झरे मोजत हिंडलो मी. गावाच्या वरच्या अंगाला आता कुणी मोठं हॉटेल बांधतंय. त्यांनी तीनशे फूट बोअर मारली, आणि गावातल्या जुन्या स्नानघराचं पाणी तेहतीस अंशांवरून सत्तावीसवर आलं. हॉटेलवाले म्हणतात, आधीपासून असंच होतं. गावाकडचे जुने कागद पुरात गेले.

श्यामला : मग तुमच्या वहीत आकडे असतील की. वह्यांना काय तोटा आपल्याकडे!

वासुदेव : आहेत. पण वहीत काय, मी वाट्टेल ते लिहीन, असं कोर्टात कुणीही म्हणेल. मी उगमाशी दोन बाटल्या भरल्या होत्या, जागेवर सील केल्या होत्या. एक त्यांच्या लॅबमध्ये संपली. दुसरी मी घरी आणली. त्या वेळचं पाणी आता जगात तेवढंच उरलंय, श्यामला. त्यातले क्षार आणि वायू तपासले की तेव्हा ते किती गरम होतं ते ठरवता येतं. एमिलिओ लिहितो, तुझ्याकडे ती असली तर आमच्या गावाची अब्रू वाचेल.

श्यामला : अब्रू कसली? कोमट पाणी ते. घरोघरी गीझर आलेत आता, तिथेही आले असतील.

वासुदेव : तसं नसतं गं. गहू कापून झाला आणि द्राक्षं तोडायला अवकाश असला की मधल्या दिवसांत आसपासच्या खेड्यांतल्या बायका यायच्या. गुडघे धरून, काठी टेकत. नऊ दिवस, नऊ आंघोळी. एक चुकली तर पुन्हा पहिल्यापासून! डॉक्टर रोज कार्डावर शिक्का मारायचा. आंघोळ झाली की चादरीत गुंडाळून तासभर निजवायचे, आणि संध्याकाळी सगळ्या बाहेर बाकांवर बसून पत्ते कुटायच्या. वर तांबड्या कड्यांवर गिधाडं फिरायची, खाली नदीकाठाने पॉप्लरची झाडं. फेब्रुवारीत बदामाला फुलं यायची आणि कुंडावर वाफ... अख्खी दरी दुधासारखी दिसायची.

श्यामला : सांगितलंयत. दर पाहुण्याला सांगितलंयत.

वासुदेव : मग तूच सांग, ते पाणी थंड झालं तर त्या बायकांनी जायचं कुठे?

श्यामला : अहो... स्वल्प, थोडं बसा इथे.

वासुदेव : आधी बाटली शोधू दे.

श्यामला : बसा म्हटलं ना. बाटली देवघरात आहे.

वासुदेव : देवघरात? आपल्या देवघरात?

श्यामला : पाच-सहा वर्षं तिथेच आहे. अन्नपूर्णेच्या मागे. तुम्ही कधी त्या बाजूला डोकावलात तर दिसेल ना!

वासुदेव : अगं मग आधी नाही का सांगायचं! शाबास! इथे मी कोळ्यांची जाळी खातोय... आण, आण इकडे. आजच पार्सलची चौकशी करतो.

श्यामला : अर्धी आहे.

वासुदेव : अर्धी म्हणजे?

श्यामला : सील मी तोडलं. गेल्या श्रावणात.

वासुदेव : तोडलं? तू? कशाला? चोवीस वर्षं मी... हवा लागली म्हणजे वायू गेला सगळा! अगं, बुचाला हात लावण्याआधी मला एकदा विचारायचं तरी! झाकण नीट लावलंस का परत? किती सेंटिमीटर उरलंय?

श्यामला : तुमच्या आईच्या तोंडात घातलं.

वासुदेव : काय?

श्यामला : शेवटचं पाणी. तुम्ही डॉक्टरांना आणायला गेला होतात. साडेअकरा वाजले होते. त्यांचा श्वास बदलला, मला कळलं. देवघराकडे बोट केलं, म्हणाल्या, "ती बाटली आण." मला वाटलं, गंगा. वन्संनी काशीहून आणलेल्या गडूतली त्यांनी सोयीसाठी बाटलीत काढून ठेवली असेल. मला त्या बाटलीला हात लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, माझ्या वेळेला लागेल. मी मेण सुरीने खरवडलं, तुळशीचं पान ठेवलं आणि चमच्याने घातलं.

वासुदेव : मग कळलं कसं तुला?

श्यामला : रंगकामाला माळा रिकामा केला ना, तेव्हा गडू सापडला. फडक्यात गुंडाळलेला. तसाच बंद, थेंब काढलेला नाही. बाटलीत मग काय होतं ते कळेना. आणि आज तुम्ही सकाळी सकाळी म्हणता, हिरवी काच, लाल मेण...

वासुदेव : अरे देवा. आणि उरलेलं पाणी? अर्धं म्हणजे साधारण दोनशे मिली तरी...

श्यामला : अय्यो, काय माणूस आहात हो! तुमची आई कुठल्या तरी परमुलखातल्या पाण्यावर गेली हे मी सांगतेय, आणि तुम्ही मिली मोजताय?

वासुदेव : चुकलं. चुकलं माझं. रडू नकोस.

श्यामला : का नको रडू? पस्तीस वर्षं या घरात माझं आणि त्यांचं वाजलं. मिठावरून वाजलं, डोसा जाड झाला म्हणून वाजलं, मी नोकरी धरली तेव्हा तर सहा महिने बोलल्या नाहीत. आणि शेवटी मला हाताशी ओढून म्हणाल्या, "पाणी तू घाल हो." पोटच्या पोरांना नाही म्हणाल्या, मला म्हणाल्या. एवढं एकच मागितलं त्यांनी माझ्याकडे. तेही मला नीट करता आलं नाही.

वासुदेव : श्यामला, पाणी ते पाणी. आईला काय कळणार होतं?

श्यामला : हे तुम्ही बोला. तुमचा देवावर विश्वास नाही. त्यांचा होता, आणि माझा आहे.

वासुदेव : बरं. पण मग आता करायचं काय? कुणाला कळलेलं नाही.

श्यामला : वन्सं येतायत आत्ता. गुरुवारी वर्षश्राद्ध, त्याची यादी करायला. येलहंक्याहून दोन बस बदलून येतायत. अलाहाबादला पोस्टिंग होतं भावजींचं, तेव्हा काशीला जाऊन, दोन रात्री मांडीवर धरून आणला होता त्यांनी तो गडू. मी कुठल्या तोंडाने...

वासुदेव : सांगूच नकोस. नयना तिळाचा ताड करते. भाऊबंदांत पत्रं जातील.

श्यामला : म्हणजे गुरुवारी पिंडासमोर हात जोडून बसायचं, आणि त्या शेजारी बसून म्हणणार, वहिनी, निदान माझी गंगा आईला लाभली. आणि मी मान डोलवायची. नाही जमायचं मला.

(दारावरची घंटा वाजते.)

नयना : अण्णा, दार उघडायला एवढा वेळ? अय्यो, काय ऊन हे, आणि म्हणे बंगळूर थंड! पहिली बस सुटली, दुसरीत हेब्बाळपर्यंत उभी. वहिनी, काळे तीळ मी आणलेत, तू घेऊ नकोस. दर्भ भटजी आणतील. केळीची पानं पंचवीस पुरे ना? आणि हे काय, डोळे का लाल तुझे? अण्णा, बोललास काही?

वासुदेव : मी काही नाही बोललो. बस तू. कॉफी घे आधी.

श्यामला : कॉफी नंतर. वन्सं, मला तुम्हाला एक सांगायचंय. मधे बोलू नका, नाही तर माझ्याच्याने सांगून होणार नाही.

नयना : सांग की. ही बघ, पिशवी खाली ठेवली.

श्यामला : सासूबाईंना मी शेवटी जे पाणी घातलं ते गंगेचं नव्हतं. तुमचा गडू माळ्यावर तसाच बंद आहे. मी देवघरातली हिरवी बाटली उघडली. ती यांनी स्पेनहून आणलेली होती, झऱ्याच्या पाण्याची. मला ठाऊक नव्हतं. शपथ घेऊन सांगते, ठाऊक नव्हतं. तुम्ही मला काय वाटेल ते बोला, ऐकून घेईन.

वासुदेव : नयना, हिची चूक नाही. बाटली तिथे कशी गेली तेच कळत नाही.

नयना : वहिनी, पाणी दे मला. नळाचं दे, चालेल.

श्यामला : घ्या. हळू.

नयना : बाटली मी ठेवली तिथे.

वासुदेव : तू? माझ्या कपाटातली?

नयना : तू ओरडू नकोस हां अण्णा. आईने काढायला लावली. मी ओल्या फडक्याने पुसली, त्यात वरची चिठ्ठी निघून गेली.

श्यामला : पण का? गडू होता ना!

नयना : गडूत गंगा नाहीये.

वासुदेव : काय बोलतेस!

नयना : अलाहाबादहून निघाले तेव्हा होती. नागपूर गेलं आणि मांडी ओली लागली. गडूचा सांधा सुटलेला, सगळं पाणी साडीवर. मी अशी रडले त्या डब्यात, शेजारच्या बायांना वाटलं कुणी गेलं माझं. रिकामा गडू घेऊन आईसमोर कशी जाऊ? ती तीन महिने वाट बघत होती. मग गुंतकलला गाडी थांबली, उतरले आणि प्लॅटफॉर्मच्या नळावर भरला. येलहंक्याला तांबटाकडून बंद करून घेतला. बंद केलेलं आहे, कोण बघणार!

वासुदेव : गुंतकल! आणि आपण सगळ्यांनी त्या गडूला दिवाळीत हळदकुंकू वाहिलं!

नयना : हस तू. माझा जीव पाच वर्षं टांगणीला होता. मग आमच्या यांना झटका आला, मी दवाखान्यात बसले असताना मनाने घेतलं की हे त्याचंच पाप. इथे आले आणि आईच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगून टाकलं.

श्यामला : चिडल्या?

नयना : पहिल्यांदा एवढं म्हणाली, "गुंतकलचं पाणी तरी बरं असतं का गं?" मग म्हणाली, "गडू माळ्यावर टाक, श्यामलेला सांगू नकोस, ती तुला जन्मभर चिडवेल." आणि मग ही बाटली काढायला लावली. मी म्हटलं, आई, असं काय करतेस, ते लोक काय काय खातात, त्यांच्या देशाचं पाणी देवाजवळ? तर म्हणाली, "पाणी काय खातं? वासूने आपल्या हाताने उगमाशी भरलंय. कुठनं भरलं, कसं भरलं, मला सगळं ठाऊक आहे. तुझं कुठलं ते तुलाच ठाऊक."

वासुदेव : आई असं म्हणाली?

नयना : तू तिला सारखं सांगायचास ना त्या गावाचं. तिचं माहेर तुरळ, तिथेही गरम पाण्याचं कुंड. बायका दुखरे गुडघे घेऊन येतात, नऊ दिवस राहतात, पत्ते खेळतात, हे सगळं तिला पाठ होतं. मला विचारायची, "कुंडापाशी त्यांची देवी आहे, वासू म्हणाला. निळ्या साडीची." मी काय सांगणार!

वासुदेव : झऱ्याच्या तोंडाशी कोनाडा होता. निळ्या झग्यातली मेरी. तिच्या पायाशी वाकूनच बाटली भरावी लागायची. आईने दहादा विचारलं होतं मला, किती वाकावं लागायचं म्हणून. मला वाटायचं, म्हातारीला वेळ जात नाही.

श्यामला : म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी आणलं ते कुठलं, त्यांना ठाऊक होतं.

नयना : बोट तिनेच केलं ना? मग! आणि मी तुला आधी सांगायला हवं होतं वहिनी. लाजेने नाही सांगितलं. वर्षभर तू समाधानात आहेस असं धरून चालले होते मी. माफ कर मला.

श्यामला : माफ काय करायचं... तुम्हीही एवढी वर्षं एकट्याच घेऊन बसलात की. आणि चिडवणार तर मी आहेच. गुरुवारी भटजींसमोरच चिडवीन.

नयना : चिडव बाई. खुशाल चिडव.

वासुदेव : एमिलिओला लिहायला हवं.

श्यामला : उरलेलं पाठवा ना. अगदीच कामाचं नाही का ते?

वासुदेव : वायू गेला असेल, पण क्षार कुठे जात नाहीत. त्यावरून थोडंफार तरी सिद्ध होईल. वह्याही पाठवतो. सील का तुटलं ते मात्र खरं लिहावं लागेल.

नयना : लिही. त्यांनाही आया असतील.

श्यामला : अहो, पण त्यातला एक चमचा गुरुवारसाठी ठेवा हं.

वासुदेव : ठेवू. पण मला एक सांग. ते पाणी चवीला भयंकर असतं, खारट, वर गंधकाचा वास. मी पहिला घोट थुंकून टाकला होता. आई तर काढ्याचा चमचासुद्धा हाताने उडवायची. तिने कसं घेतलं?

श्यामला : एक चमचा घातला, तो गिळला. मग डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आणखी घाल."