सर्व्हर तापला अन् साहेबाचा पंखा

घडीघडी त्या साहेबाचंच काऊन विचारता बे? चहा पाजला म्हणून सांगून राहिलो, एकदाच.

तवा मी बँकेत जनरेटर सांभाळत होतो. नागपूरहून इंजिनिअर पोरगी आली. म्हणे, "काका, बँकेचं सगळं काम या दोन सर्व्हरवर चालतं. एकावरचं काम मी दुसऱ्यावर सरकवलंय. आता रिकाम्यावर सुरक्षेचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, टाकते. बाहेर कोणाला कळणारही नाही."

म्या म्हटलं, "म्हणजे एकाच बैलावर सारी गाडी?"

"थोडाच वेळ, काका."

अन् तेवढ्यात लाईट गेली! म्या जनरेटर चालू केला, पण त्याच्यावर सर्व्हरच्या खोलीतला एसी चालत नव्हता. मे महिना! तो एकटा सर्व्हर असा तापला, का टीं टीं बोंबलाले लागला. पोरगी रडकुंडीले आली. "काका, हा बंद पडला तर सगळ्या शाखा बंद पडतील!"

खापर माह्या जनरेटरवरच फुटलं असतं ना! मी धावलो. केबिनात साहेब पाहुण्यांसंगं बसले होते. म्या त्यायच्या समोरचा उभा पंखाच उचलला.

"अरे, अरे! काय करतोस?"

"मंग सांगतो, साहेब!"

पंखा सर्व्हरपुढं लावला, फुल! टीं टीं बंद! पॅच चढले, पोरगी टाळ्या वाजवून राहिली!

मागून साहेब आले, घामानं निथळत. बाहेरच्या साऱ्या खातेदारांले ऐकू जाईल असं ओरडले, "दिवसाढवळ्या पिऊन आलास का?"

मी! सुपारीलेही न शिवणारा माणूस!

पोरीनं सारं समजावलं. साहेब म्हणे, "बरं बरं, पंखा जागेवर ठेव."

बस, एवढंच. माफीचा एक शब्द नाही. आजही आमगावच्या बाजारात मी दिसलो का रस्ता बदलवते, तो ठवकर साहेब!