दुखणं माझं, कौतुक ह्यांचं

...नाही नाही, तुम्हीच सांगा, दुखत कोणाला होतं? मला! डोळे लाल कोणाचे? माझे! पापणीच्या आत चिमूटभर वाळू टाकून वरून कुणी बोट फिरवावं, तशी खरखर सकाळपासून रात्रीपर्यंत कोणाला? मला! आणि घरात काळा गॉगल लावून, पाय लांब करून, पाठीला उशी घेऊन बसलंय कोण? हे!

बसू देत. माझं काही म्हणणं नाही. म्हणजे... आहे. तेच सांगायला उभी राहिलेय.

तर तुम्हाला सांगते, मी काम करते शर्टांच्या कारखान्यात. शिवत नाही हं, तपासते. शिवून झालेला शर्ट माझ्या टेबलावर येतो, वर ही एवढी ट्यूबलाइट, तो मी उलटा करायचा, सुलटा करायचा, कॉलर बघायची, काजं बघायची, टाका सुटलाय? नापास. दोरा लोंबतोय? नापास. बटण तिरकं बसलंय? नापास, जा बाजूला! शिवणाऱ्या बायका मला लांबून बघितलं तरी तोंडं फिरवतात. तर असं हे दिवसभर डोळे फाडफाडून बघायचं काम, आणि डोक्यावर एसी, त्या एसीचं तोंड बरोब्बर माझ्या तोंडावर. सगळ्या हॉलमध्ये बायका घामाने भिजल्यात आणि गार वारा फक्त मला! मला वाटायचं, काय आपलं नशीब! कसलं नशीब हो... आधी डोळे चुरचुरायला लागले, मग खुपायला, मग जळायला, मग अशी वेळ आली की संध्याकाळी दिव्याकडे बघवेना, आणि सकाळी पापणी उघडायची तर आतून चिकटलेली. उघडायची कसली, सोलायची!

घरी सांगितलं. हे पेपर वाचत होते. म्हटलं, "अहो, डोळे फार दुखतायत." तर पेपरातून मान वर न काढता, "मोबाइल कमी बघ." मोबाइल? मी? जी बाई दिवसभर दुसऱ्यांच्या कॉलरी बघते, तिला मोबाइल बघायला डोळे उरतात कुठं? बरं, नणंदेला सांगितलं. नणंद म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, रोज फोन करते, दादा जेवला का, दादा झोपला का, दादाला सर्दी झाली का. ती म्हणाली, "अगं वहिनी, काकडीच्या चकत्या ठेव, लगेच गार वाटेल." ठेवल्या बाई. पडले डोळे मिटून. जरा कुठं बरं वाटतंय, तोवर उजव्या डोळ्यावरची चकती गायब! बघते तर हे उभे. चावतायत. "मीठ लावायला हवं होतं," म्हणाले.

मग औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "हे थेंब घाला, सगळेच नेतात." घातले. डोळे तासाभरात पांढरेशुभ्र, आणि औषधाचा असर उतरल्यावर आधीपेक्षा लाल! मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, होईल आपोआप बरं. आपण बायका कशावरही 'होईल आपोआप बरं' म्हणतो नाही का? पण त्या आठवड्यात एक शर्ट माझ्या हातून पास झाला, त्याला छातीवर काजच नव्हतं. बटण होतं, काज नव्हतं! सुपरवायझरने तो शर्ट आणून माझ्यापुढं ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "बाई, डोळे दाखवून घ्या. नाहीतर मला टेबलावर दुसरं कुणी बसवावं लागेल."

माझं टेबल! म्हटलं, आता पुरे. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला. तिकडून सांगितलं, थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात, परत जाताना नीट दिसायचं नाही, सोबत कुणीतरी आणा. आता सोबत कोण? हे! तेही रडतखडत. "मी काय करू तिथं बसून? मला काय झालंय?"

इथं... इथं नीट ऐका. तपासणीच्या खोलीत एक पोरगी, हसतमुख, चुणचुणीत. तिनं मला मशीनपुढं बसवलं, आतला दाब मोजायला डोळ्यावर हवेची फुंकर मारली, आधीच जळणारे डोळे, मी विव्हळले, तिनं आकडा लिहिला, "छान आहे काकू, नॉर्मल." आणि मग त्या भवानीनं मागं वळून ह्यांना म्हटलं, "काका, तुम्हीही बसा की. मशीन मोकळंच आहे."

मोकळंच आहे म्हणून! काही कारण नाही, तक्रार नाही, नंबर लावलेला नाही... मशीन मोकळं आहे म्हणून हे बसले. ऐटीत. फुस्स... एक फुंकर. पोरीचं हसू गेलं. परत फुंकर. परत आकडा. परत फुंकर. ती उठली, आत गेली, आणि आतून डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. स्वतः! खुर्ची सोडून! ज्या मॅडमच्या दारात मी अर्धा दिवस बसले होते, त्या ह्यांच्यासाठी बाहेर आल्या आणि मला काय म्हणाल्या ठाऊक आहे? "काकू, तुम्ही जरा तिकडं बसता का?"

आणि दुखत कोणाला होतं? मला!

मग त्यांनी ह्यांना आत नेलं, दिवे काय, दुर्बिणी काय, डोळ्याच्या आतले फोटो काय... मी बाहेर, मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी धूसर जगाकडं बघत. शेवटी मला आत बोलावलं. ह्यांच्यासाठी! मॅडम म्हणाल्या, "काका, डोळा कधी दुखला?" हे म्हणाले, "छे, कधीच नाही." "हेच तर! हा दुखत नाही. आतल्या आत नजर खात जातो. काचबिंदू आहे. वेळेवर आलात." वेळेवर आलात! कोण आलं? मी आणलं! मी म्हटलं, "मॅडम, आणि माझं?" तर मॅडम घड्याळाकडं बघत, "तुमचा कोरडेपणा वाटतोय. पुढच्या वेळी सविस्तर बघू. तोवर हे थेंब घाला."

कोरडेपणा! हे काय आजाराचं नाव झालं? हा तर स्वभाव झाला! ह्यांना काचबिंदू, काय भारदस्त नाव, आत काच आहे, बिंदू आहे... आणि मला कोरडेपणा. नणंदेला फोनवर सांगितलं तर ती आधी दादासाठी ढसाढसा रडली, मग म्हणाली, "वहिनी, तुझं लक्ष कुठं होतं गं?" आणि मग नाक ओढत, "बरं, तुला काय निघालं?" म्हटलं, "कोरडेपणा." तर म्हणते कशी, "हं... तो काय, दादा पहिल्यापासून सोसतोय."

दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन हजर! दादाला सफरचंदं कापून, दादाला उशी, दादाला टीव्हीचा आवाज मोठा. ह्यांच्या ऑफिसातले लोक बघायला यायला लागले. हे गॉगल लावून बसायचे. डॉक्टरांनी गॉगल सांगितलेला नव्हता हं! आणि प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट. "मी सहज बसलो हो. हवा आली... सप्प! डॉक्टरांचा चेहरा पांढरा!" रोज त्यात भर. चौथ्या पाहुण्याला सांगेपर्यंत तर तीन डॉक्टर धावत आले होते. आणि मी चहाचा ट्रे घेऊन, लाल डोळ्यांनी उभी. एक गृहस्थ माझ्याकडं बघून म्हणाले, "वहिनी, इतकं रडू नका. ते बरे होतील."

मी रडत नव्हते हो! मला दुखत होतं!

आणि थेंब! ह्यांच्या थेंबांची बाटली फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात. अंडी हलवली तिच्यासाठी. माझी बाटली? पर्समध्ये, किल्ल्या, पिना आणि सुट्ट्या बटणांबरोबर लोळतेय. बरं, ह्यांना स्वतःला थेंब घालता येतो? नाव नको! बाटली जवळ आली की डोळा गच्च मिटणार, मान फिरवणार, थेंब कानात. मग मीच. "अहो, वर बघा. वर! माझ्याकडं नको, छताकडं!" एकही वेळ चुकवायची नाही, मॅडमनी बजावलेलं. ह्यांचे थेंब मी घालायचे, आणि माझे? माझेही मीच घालायचे.

मत्सर म्हणता? हो, मत्सरच! लपवते कशाला? बायका सवतीवर जळतात, मी एका काचबिंदूवर जळत होते. भाजी चिरताना मनात यायचं, देवा, मलाही एखादं नाव असलेलं काहीतरी दे ना... थोडंसं. फार नको.

मग ह्यांची नजरेची तपासणी होती. अंधाऱ्या खोलीत एका मोठ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालून बसायचं, समोर एकटक बघायचं, कडेला कुठंही बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. सोपं. मी मागं स्टुलावर, त्या पोरीच्या शेजारी. तिच्या स्क्रीनवर मला दिसत होतं दिवा कुठं लागतोय ते. लागला, ह्यांनी दाबलं. लागला, दाबलं. मग एका कोपऱ्यात लागला... दाबलं नाही. त्याच्या खाली लागला... नाही. मला रागच आला. म्हटलं, बघा, इथंही झोपले! दाबा की! परत लागला. चांगला ठसठशीत लागला. नाही. मी स्टुलावरून उठून सांगणारच होते, "अहो, दाबा ना, लागलाय की दिवा..." आणि त्या पोरीनं माझ्या हातावर हात ठेवला.

त्यांना दिसतच नव्हता.

आणि हे तिकडं ताठ बसलेले. शहाण्या मुलासारखे. सगळं बरोबर चाललंय म्हणून खुशीत! बाहेर आले आणि मला म्हणाले, "पास ना?"

मी दिवसभर नापास-नापास करणारी बाई. मला तो शब्द उच्चारता येईना. म्हटलं, "हो. पास." आणि डोळ्यांतून पाणी... धार! महिनोन् महिने ठणठणाट होता, आणि आता थांबेना!

मॅडमनी ते बघितलं. आधी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं की गेलेला कोपरा परत यायचा नाही, पण थेंब नियमित घातले तर उरलेलं सगळं राखता येईल. मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "काकू, तुमचं राहिलंय ना? बसा."

तुम्हाला सांगते, 'बसा' या शब्दात एवढा गोडवा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी बसले. मॅडमनी डोळ्यात कागदाची पट्टी लावली, रंग घातला, निळा दिवा लावला, पापण्यांच्या कडा दाबून बघितल्या, काय काम करता, कुठं बसता, वारा कुठून येतो, सगळं विचारलं. मी मघाशी आलेल्या पाण्याचं सांगितलं. "मॅडम, रडू तर येतं की मला. मग कोरडं कसं?" मॅडम म्हणाल्या, "पाणी येतं, पण टिकत नाही. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, तुमच्या तुंबल्यात. वर तेलाचा थर नसला की अश्रू लगेच उडून जातात. थोडक्यात, तुमच्या अश्रूंचा दर्जा चांगला नाही."

दर्जा! माझ्या! मी जगाचा माल तपासते आणि माझाच माल हलका निघाला! हे शेजारी बसून हसले हो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण उपाय दिला. रोज गरम कापडाची घडी डोळ्यांवर, मग पापण्यांच्या कडा हलक्या हाताने चोळून पुसायच्या, दुकानातले लाली घालवणारे थेंब बंद, हे साधे थेंब ठरल्या वेळी, एसीचं तोंड दुसरीकडं, आणि काम करताना आठवणीनं पापण्या पूर्ण मिटायच्या. "तुम्ही शर्टाकडं बघताना डोळे मिटायलाच विसरता." कारखान्यात एसीचं तोंड फिरवलं, तर पलीकडची काजंवाली मला म्हणते, "बाई, फार उपकार झाले, किती गार वाटतंय!" हिचेही डोळे जातील आता, म्हणून मी तो छताकडं वळवून घेतला, तर तिचा अबोला! आणि पापण्या मिटायला लागले तर सुपरवायझरने दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी लांब उभा राहून विचारलं, "बाई, माझ्याकडं बघून काही खुणावताय का?"

चालायचंच. पण टेबल राहिलं माझं. खरखर कमी होत गेली. सगळी नाही, पण सकाळी पापणी आपली आपण उघडायला लागली. नणंदही तिच्या घरी गेली. जाताना मला म्हणाली, "वहिनी, दादाच्या थेंबांकडं लक्ष दे हं." दे हं!

परवा दोघं दाखवायला गेलो. मॅडमनी ह्यांचे डोळे बघितले, आकडा बघितला, आणि टाळीच वाजवली हो! "वा काका! कमाल! एकही थेंब चुकवलेला दिसत नाही. असे पेशंट मिळत नाहीत!" आणि हे... हे खाली बघून लाजून, "छे, एवढं काय त्यात, शिस्त लागते."

शिस्त! त्या मिटलेल्या डोळ्याशी रोज कुस्ती कोणाची? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडम माझ्याकडं वळल्या आणि, देवाशपथ, ज्या प्रश्नासाठी माझा जीव इतके महिने आसुसला होता तोच त्यांनी विचारला, तोही खुर्ची पुढं ओढून, अगदी मायेनं, "आणि काकू, तुम्ही सांगा. तुमचं दुखणं कसं आहे?"

आणि त्या दिवशी... नेमकं त्या दिवशी... एक कण दुखत नव्हतं! मी आठवून बघितलं, डोळे फिरवून बघितले, काही म्हणजे काही नाही! म्हटलं, "आज... तसं... बरं वाटतंय."

हे मॅडमकडं झुकून हळूच म्हणाले, "मी म्हणतच होतो. तिचं तसं काही नव्हतंच."

आता काय करणार? भांडणार, त्या माणसाशी, ज्याला एका कोपऱ्यातलं काही दिसत नाही? मी मुकाट्यानं पर्स उघडली, बाटली काढली आणि तिथंच, दोघांच्या समोर, दोन्ही डोळ्यांत भरपूर थेंब सोडले. म्हटलं, निदान रडतेय असं तरी वाटू दे कुणाला!