पाँड इनलेट, पंचेचाळीस मिनिटं

...आणि वर तो जोआनासी, विमानतळाच्या खिडकीतला, मलाच म्हणतो, "उत्तुवाककाका, चिडता कशाला? पाँड इनलेट काय, पंचेचाळीस मिनिटं!" अरे, पंचेचाळीस मिनिटं मलाही ठाऊक आहेत की! आमच्या आर्क्टिक बेहून अडीचशे किलोमीटर, चढायचं, पट्टा बांधायचा, कॉफी येते न येते तोच उतरायचं... पण त्यासाठी आधी विमान यायला नको का?

तुम्हाला सांगतो, मंगळवारी इथे धुकं. बुधवारी इथे ऊन, तर तिकडे धुकं. गुरुवारी दोन्हीकडे लख्ख ऊन, तर म्हणे वैमानिकाचे उडायचे तास संपले! मी आपला रोज गोठलेल्या माशांचं खोकं काखोटीला मारून हजर, रोज घरी परत... आणि घरी तरी कोण? बायको, लीतिया, आधीच पाँड इनलेटला लेकीकडे गेलेली. नातू झाला होता ना! रविवारी त्याला नाव द्यायचं.

आता आम्हा उत्तर ध्रुवाकडच्या लोकांत नाव म्हणजे नुसती हाक नसते हो. गेलेल्याचं नाव दिलं की ते माणूस परत आलं! माझी आई गेली ऑक्टोबरात. तिचं नाव पोराला लागलं की मी त्याला 'आई' म्हणणार. मुलगा असला म्हणून काय झालं? सहा महिने कुणाला 'आई' म्हणून हाक मारलेली नाही मी... पण विहीणबाई, तबिता, कंबर कसून तयार! "माझा गेलेला भाऊ कधीचा वाट बघतोय," म्हणे. लेक फोनवर रडकुंडीला आलेली. "बाबा, तुम्ही समोर असलात तर आजीचंच नाव देईन. एकटीला सासूपुढे नाही हो बोलवत!"

शुक्रवारी सकाळी म्हटलं, खड्ड्यात गेलं विमान! बर्फगाडीला घसरगाडी जोडली आणि निघालो. दोन दिवसांचा रस्ता. अर्ध्या वाटेत हे वादळ! जड घसरगाडी तिथेच सोडली, पुढे बर्फाचं घर बांधून आत कुडकुडत बसलो, फोन थिजून ठार, दाताखाली गोठलेला मासा, आणि डोक्यात एकच... पंचेचाळीस मिनिटं! रविवार आला, रविवार गेला. सरळ सांगतो, रडलो मी. एवढा बाप्या माणूस, "आई, आई" करत ढसाढसा रडलो.

सोमवारी पोचलो. दार ढकललं, तर घरभर माणसं, सगळ्यांचे डोळे सुजलेले. आणि माझी बायको त्या बाळाला छातीशी धरून म्हणतेय, "अहो, रडू नका ना!"

अहो?

शोधायला गेलेल्यांना नुसतीच घसरगाडी सापडली होती! गावच्या रेडिओवर जाहीर झालं, उत्तुवाक गेला. मग विहीणबाईच डोळे पुसत म्हणाल्या, "माझा भाऊ थांबेल, आधी व्याह्यांना परत आणा." आणि दिलं की पोराला माझं नाव!

"अहो, मी जिवंत आहे!"

"ते दिसतंय," विहीणबाई म्हणाल्या. "पण दिलेलं नाव काढून घेतलं तर पोर आजारी पडेल."

आणि आई? "आजीचं पुढच्या खेपेला हं," लेक म्हणाली... मला नाही, त्याला! त्याला 'बाबा' म्हणते ती. मला म्हणते, "जरा सरका, बाबांना झोपवायचंय."

काल परतीचं विमान आलं, तेही वेळेवर. मी लीतियाला म्हटलं, चल. जागची हलेना. म्हणते, "तुम्ही व्हा पुढे. ह्यांना इथे एकटं टाकून मी कशी येऊ?"