श्वास कुणी शिकवला

नवल : बंद करू का चाचा? अकरा मिनिटांचं आहे हे गाणं.

हारुन : चालू दे. हे ढोल आफ्रिकेचे म्हणतोस?

नवल : हो. वाजवणारा सेनेगलचा. खालचा बेस फंकचा, नाचायला लावणारा. आणि ती बाई सोल गाते, देवाला हाक मारते.

हारुन : गळा पाक आहे तिचा. ही तर दुआच झाली, पाय हलवणारी! आणि वर तुझा सॅक्सोफोन. चार मिनिटं श्वास तोडला नाहीस बेटा.

अकबरी : तोडेल कसा? वर्षभर माझ्या ओट्यावर बसून पाण्याच्या पेल्यात नळी फुंकायचा. नाकाने श्वास घे, गालातली हवा सोड. बुडबुडे थांबले की यांची टपली!

नवल : चाची...

अकबरी : काय चाची? रेडिओवरच्या बाईने विचारलं, हा श्वास कुणी शिकवला, तेव्हा कुठे गेला होता माझा ओटा? म्हणे, आफ्रिकेतल्या एका उस्तादाने!

हारुन : अकबरी, चहा टाक.

अकबरी : टाकते. ऐकून जाते.

नवल : लाज वाटली चाचा. अल्बममधले बाकीचे सगळे मोठ्या कॉलेजात शिकलेले. मी मेहरूणमधल्या बँडमास्तरकडे शिकलो, वरातीत वाजवलं, हे तोंडातून निघेचना. तेव्हापासून आरशात बघवत नाही. तुम्ही ऐकलीत मुलाखत?

अकबरी : तूच नाही का फोन केलास, ऐका म्हणून? यांनी अख्खी बँड पार्टी बोलावली. लोटनभाऊ शिंदखेड्याहून आले. मी बारा माणसांचे पोहे करत होते आत, आणि बाहेर सगळे यांच्या तोंडाकडे बघत. आता नाव येईल, मग येईल.

नवल : माझं चुकलं. फार चुकलं. अल्बमचं कव्हर पुन्हा छापणार आहेत. पहिल्या ओळीत तुमचं नाव देतो. रेडिओवरही सांगतो, मी खोटं बोललो.

हारुन : नको.

नवल : रागावलात. रागवायलाच हवं.

हारुन : राग नाही रे. मुलाखत संपली. मग लोटनने विचारलं, "हारुनभाई, हाऊ आफ्रिकाना उस्ताद कोन शे?"

नवल : मग?

हारुन : सगळ्यांसमोर तुला खोटं कसं पाडू? म्हटलं, तो एकदा मुंबईला आला होता. मीपण त्याच्याकडेच शिकलो.

अकबरी : हे मला नाही सांगितलंत तुम्ही.

नवल : चाचा...

हारुन : नाव छापू नको बेटा. या वयात बँडवाल्यांपुढे खोटा ठरेन मी.