धूर लागला म्हणायचं

न्हाई न्हाई, गळत कुटंच न्हाई— तुमी वाकून बगा की, नाक लावून बगा. आवं आप्पासो, पार वाळव्यावरनं ट्रॉली जोडून आलायसा, तर चांगला टकटक वाजवून घ्या. लोखंड हाय, गाडगं न्हवं. शेणाच्या गॅसचा ड्रम आमच्या गावात तवा कुणी बगितला सुदिक नव्हता— माज्या केरबानं पयला बसवला. गंज? त्यो नुसता वरवरचा. दरसाली काळा रंग द्यावा लागतोय, त्यो ऱ्हायला— कोन देणार? घरात आमी दोगीच, मी आन् सून. बसा तुमी. ट्रॉलीवरच्या गड्यास्नी बी सावलीला बसवा, ड्रम काय उठून पळत न्हाई. च्या घ्या. अंजने! च्या ठेव गं, वाळव्याचं पाव्हणं आल्यात! ...आयकलं न्हाई वाटतं. आयकलं असंल. यील.

तुमचं बरोबर हाय. रॉकेलला ह्या रांगा, सरपण हुडकत बाया डोंगर पालथा घालत्यात, आन् शेणी थापाव्यात तर सगळं शेण चुलीत जातंय, मग रानाला काय घालणार— माती? ह्येच्यात कसं, गॅस बी मिळतोय आन् मागं खत बी ऱ्हातंय. तुमच्या उसाच्या मुलखात जनावरं बक्कळ, तुमाला ह्यो सोन्यावानी. पर सांगते त्ये ध्येनात ठेवा. जेवढं शेण तेवढंच पाणी, कालवायचं हातानं, खडा न्हाई का काडी न्हाई. गॅस भरंल तसा ड्रम वर चढतोय; त्यो रोज जरा गोल फिरवायचा, न्हाईतर आत साय धरती आन् गॅस वर यीत न्हाई. थंडीत उनात तापलेलं पाणी वताय‌चं. आन् डाळ रातीच भिजत घालायची, भांड्यावर झाकण ठिवायचं— उघडं शिजवलं म्हंजी निम्मा गॅस वाऱ्यावर. ह्ये मी न्हाई सांगत, केरबा सांगायचा. पल्टणीत शिकला. मला म्हनायचा, आई, घर म्हंजी गळकी घागर हाय, आदी भोकं बुजवावी, मग पाणी भरावं.

व्हय, पल्टणीत व्हता. येकलाच ल्योक.

अंजनासाटी केलं त्येनं ह्ये सगळं. तिला धुराचा खोकला— कसला खोकला म्हनता, भाकरी थापता थापता हात पिठात तसाच ऱ्हायाचा, डोळं पांढरं व्हायाचं. साताऱ्याला दावली. डाक्टर म्हनला, औशिदानं भागणार न्हाई, ह्या बाईला धुरातनं काडा. आता आमच्यात बाई धुरातनं निगती कवा? सरणावर चढती तवा— न्हाई, तवा बी धूरच की. केरबानं मातूर मनावर घेतलं. सुट्टीला आला, वर्दी खुंटीला अडकवली आन् कुदळ घेतली. नकटीच्या लग्नाला सतराशे इघ्नं— खड्ड्यात काळा पाषाण लागला, बांधकाम येकदा ढासळलं, ड्रम आणताना गाडीचा आक मोडला. गाव नुसतं हसायचं. शेणावर भाकरी भाजतोय केरबा, खातुया कोन! त्यो म्हनायचा, हसतील त्येंचं दात दिसतील. मी बी कुरकुर केली— देवाचा निवद ह्येच्यावर चालायचा न्हाई म्हनलं. तर म्हनतोय कसा, आई, देवघर कशानं सारवतीस? शेणानंच न्हवं? मग देवाला काय नवं हाय! बोलण्यात कोन जिंकणार त्येला.

सुट्टी सरायच्या आदी शेगडी पेटली. निळी निळी ज्योत, आवाज न्हाई, धूर न्हाई. वरच्या छपरात त्येनं येक काचेचं कौल बसवलं— दिसाढवळ्या चिमणी लावायला नको म्हनून. त्येच्यातनं ऊन सरळ अंजनाच्या तोंडावर पडलं. आवं, सून घरात येऊन येवढी सालं झाली, पर भाकरी करताना तिचं तोंड सुकं आसतंय कसं, त्ये मी त्या दिवशी बगितलं. केरबा समूर पाटावर बसून नुसता बगत व्हता. जाताना तिला म्हनला, ड्रम वर आला की घर भरलंय म्हनून समज. मग रोज सकाळी उठून ती आदी ड्रम बगायची, मग देव.

काय म्हनलासा? का इकतोय? ...दुष्काळ न्हाई का पडला? जनावरं छावणीला गेली, शेण न्हाई, ड्रम बसला खाली. मग तसंच ऱ्हायलं.

व्हय. गोठ्यात हायत जनावरं. दिसत्यात न्हवं का तुमाला— पाऊस झाला, परत आली, म्हस व्याली बी. तुमी शेतकरी माणूस, तुमाला काय फशिवणार मी. आन् त्ये काचेचं कौल बी बगितलंसा मगाशी, वर बगताना मी बगितलं तुमाला. काळं ठिक्कर झालंय. काजळी हाय ती. आन् ह्यो खोकला आयकताय न्हवं आतनं? चूल पेटवलीया तिनं तुमच्या च्याला. शेगडी हाताशी आसताना.

आता सांगतेच.

लढाईच्या साली तार आली. आमच्यात मौत झाली की सुतकात घरात इस्तू पेटवत न्हाईत, भावकीतनं भाकऱ्या येत्यात. तशा आल्या. पर जनावरास्नी सुतक कुटलं? त्यांनी शेण टाकायचं त्ये टाकलंच. आन् अंजना— सवईनं म्हना, येडानं म्हना— रोज उठून त्ये कालवायची आन् खड्ड्यात सोडायची. कुणाचं ध्यान न्हाई. चूल बंद, गॅस जाळतंय कोन, मग ड्रम चढला. चढला, चढला, आप्पासो, यवढा वर म्या कवाच बगितला नव्हता. कडंनं बुडबुडं याय लागलं. माणसं दाराशी बसलेली, आन् ती ड्रमाकडं बगत उभी. घर भरलंय म्हनून समज, म्हनला व्हता न्हवं त्यो!

सुतक फिटलं. भावकीतल्या बाया जमल्या, सुनंनं शेगडी पेटवली. ज्योत ही येवढी. आन् वरनं कौलातनं ऊन तोंडावर. सगळ्या बायांच्या नजरा तिच्या डोळ्यांवर. ती रडंना. बाया म्हनल्या, शिपायाची बायकू, टिपूस न्हाई बगा, केवढी धीराची! धीर कसला वो? बाईमाणसाला रडायला चुलीबिगर जागा कुटं हाय? सासू आली, दीर आला, कुणी इचारलं तर धूर लागला म्हनायचं. मी बी तसंच केलं जलमभर. माजा नवरा गेला तवा म्या ओली लाकडं मुद्दाम घातली व्हती. केरबानं धूर घालवला, त्या पोराला काय ठावं त्येनं तिचं काय घालवलं!

दुसऱ्या दिवशीच तिनं कोपऱ्यात माती कालवून चूल घातली. मला म्हनली, गॅसवरची भाकरी गोड लागत न्हाई. म्या बी चुलीवरचीच खाल्ली. तवापास्नं आत धूर आन् खोकला. परवा साताऱ्याचा डाक्टर माज्यावर वरडला, सासू हायसा का वैरीण म्हनला. आन् ड्रम इकायचं माजं न्हाई, तिचंच. तिनंच भावाकरवी तुमास्नी सांगावा धाडला. ड्रम गेला की कोन म्हनणार न्हाई, धुरातनं ऊठ. मरायची वाट मोकळी करतीया ती, आप्पासो, आन् ट्रॉली तुमची लावतीया.

मी? मी गोठ्यात जाते रडायला. ती चुलीशी, मी म्हशीपाशी. येवढी सालं येका घरात, पर येकमेकीफुडं न्हाई रडलो आमी. तिला वाटतंय म्हातारी खचंल, मला वाटतंय पोर खचंल.

न्हाई, उठा. गड्यास्नी सांगा, दोर परत ट्रॉलीत टाका म्हनावं. न्हाई देत मी ड्रम. राग धरू नगा— तुमी दुसरा करून घ्या, कसा करायचा त्ये सगळं सांगितलंय तुमाला. लेकानं धुरातनं काडलेली बाई मी परत धुरात घालणार न्हाई.

अंजने! हिकडं ये. ये म्हनती न्हवं! च्या नगं आता, पाणी वत त्या चुलीत. वत. माज्या समूर वत... हां. बस हितं. माज्याकडं बग.

आप्पासो, जावा तुमी आता. परक्या माणसाफुडं आमास्नी रडता यीत न्हाई.