चढावर उतरलेला काटा

अरे, एकदा माझ्या ट्रकचा काटा असा वागला की मी चक्रावलोच. सालेकसाहून धान भरून निघालो होतो, बाजूला बायको बसली होती. चढ लागला आणि इंजिनाचा ताप दाखवणारा काटा सरसर खाली आला. मी खूश!

ती म्हणाली, “अवो, चढावर तर बैलही तापते. मंग इंजिन थंडं काऊन होऊन राहिलं?”

मी गाडी थांबवली. पाहतो तर रेडिएटरचा पाइप फाटलेला, पाणी सारं वाहून गेलेलं आणि इंजिन भट्टीसारखं तापलेलं.

बोलावून आणलेला मेकॅनिक म्हणाला, “आणखी चालवला असता, तर इंजिन जाम झालं असतं.”

मी विचारलं, “मग काटा खाली कायले आला?”

“भाऊ, तो पाण्याचा ताप सांगते. पाणीच नाही, तर सांगल कोणाचा?”