जिथल्या तिथे

व्हिसाच्या रांगेत माझ्यापुढे बाप-लेक उभे होते.

"परदेशात जाऊन मातीच उकरायची, तर आपलं अंगण काय वाईट होतं?"

"बाबा, तीन हजार वर्षांपूर्वीचं घर आहे ते."

"मग सापडेल ते पटापट उचल आणि ये परत."

"लगेच उचलायचं नसतं. वस्तू जिथे जशी पडली असेल, तिथेच राहू द्यायची. आधी मापं घ्यायची, फोटो काढायचा."

"एवढं कशाला?"

"हलवली, तर तिथे माणसं कशी राहत होती ते कळत नाही."

"म्हणजे तुझी आई गेल्यावर खुर्चीवरचं तिचं विणकाम मी हलवलं नाही, ते बरोबरच केलं."

"बाबा, चार वर्षं झाली."

"तू निघशील ना, तेव्हा चहाचा कप विसळू नकोस. ओट्यावर तसाच राहू दे."